पायथ्याशी

डोंगरावर काय काय आहे ते मला विचारू नका.
त्यासाठी रत्नपाल आहे, काळ्या छत्रीचा.
राजांच्या सनावळ्या तो चार भाषांत सांगतो
आणि पाचवीत जांभई देतो.
मी हीनमेणिके.
पिंपळाच्या पारापाशी एकतीस वर्षं
मी वहाणा सांभाळते.

जोडा द्या, पत्र्याचा बिल्ला घ्या, वर जा.
बारानंतर पायऱ्या तव्यासारख्या होतात.
परदेशी माणसं बगळ्यागत एकेक पाय उचलतात.
आमच्या म्हाताऱ्या, पांढऱ्या साड्यांतल्या,
हातात निळ्या कमळांचे देठ धरून चालतात सावकाश,
जन्मभर भाकऱ्या त्याच तव्यावर भाजल्यासारख्या.

मला माणूस टाचेपासून कळतो.
डावी बाजू झिजली असेल तर एका खांद्यावर ओझं वाहिलेला.
अंगठा सुतळीने बांधलेला असेल तर नवस.
कोरा करकरीत जोडा, आत वाळू: नवरा-नवरी, समुद्रावरून आलेली.
एकदा उत्तरेकडचा एक पोरगा आला.
त्याने एकच बूट दिला.
मी पैसे अर्धे मागितले. त्याने पुरे मोजले,
म्हणाला, "बाई, बूट एक असला तरी
खण तेवढाच अडतो."

तर त्या मंगळवारी वानराने
एका उंच बाईचा निळा बूट पळवला.
रत्नपाल घाम पुसत खाली आला:
"पडक्या विहारात आहे. शीर नसलेल्या मूर्तीच्या
मांडीवर."
पहारेकरी म्हणाला, चौथऱ्यावर चढायला खात्याचा कागद लागतो,
खातं शुक्रवारी उघडतं.
थोरले भिक्खू झोपले होते.
बाई एका पायावर उभी.
जबाबदारी कुणाची? बिल्ला माझा होता.

गुडघे धरून चढले.
पाचशे बारा पायऱ्या, रत्नपाल सांगतो त्याहून आठ जास्त.
तिसऱ्या वळणावर तळं दिसलं, पलीकडे भाताचे तुकडे,
त्यातला एक आमचा होता.
वर वारा. दगडी खांब नुसतेच उभे,
छप्पर विसरून आलेल्या पाहुण्यांसारखे.
आणि तो बसलेला.
मांडीवर निळा बूट, त्यात लाल मुंग्या,
शेजारी अर्धं खाल्लेलं केळं.

क्षमा मागायला तोंड वर केलं
तर वर ऐकायला कानच नव्हते.
मग खाली पाहिलं. सवयीने. पायांकडे.

पद्मासन. तळवे आभाळाकडे.
मी इतके तळवे पाहिले,
पण जमिनीला न लागलेले असे कधीच नाही.
ना घट्टा, ना कुरूप, काट्याची खूण नाही.
हा कुठे चालला असेल? याचा जोडा
मी कसा ओळखला असता?
थोडी रागावलेच.
तेवढ्यात उजव्या टाचेवर दिसली
भेग.
आडवी, खोल, कडेला शेवाळ,
हुबेहूब आमच्या पोडिअप्पूची,
चिखल वाळला की तो घोंगडीत पाय घासायचा
आणि मी ओरडायचे, सूत निघतंय.

पाटीवर लिहिलंय: स्पर्श करू नये.
मी वाचली.
मग अंगठा त्या भेगेत ठेवला.
आतून दगड थंड होता. बाहेर एवढं ऊन,
तरी थंड.

बूट झटकला, खाली आणला.
बाईने शंभराची नोट दिली आणि विचारलं,
वर बघण्यासारखं आहे का काही?
रत्नपाल तोंड उघडणार, त्याआधी मी म्हटलं,
आहे, पण तुमचा उजवा पाय जपा,
टाच फुटायला लागलीये,
रात्री खोबरेल लावा.

ती हसली. तिला वाटलं, मी तेल विकते.

फळीवर पाहिलं तर माझ्यामागे
अकरा जोड येऊन बसले होते, बिल्ल्याविना,
आणि डब्यात नाणी.
कुणाचा कोणता, काही ठाऊक नाही.
संध्याकाळपर्यंत सगळे गेले.
एक रबरी चप्पल उरली, लहान मुलाची, डाव्या पायाची.
ती अजून खणात आहे.
खण तेवढाच अडतो.