वाळूनं शेवटचं ऊन पाहिलं तेव्हा

सीनेच्या दरडीत, तीन पुरुष खोलीवर
गुडघे पोटाशी घेतलेलं एक लेकरू.
हाडांतलं सत्त्व कधीच झिरपून गेलेलं,
कार्बनसाठी काही म्हणता काही उरलं नव्हतं.
निंबर्गी मॅडम म्हणाल्या,
मग वाळूलाच विचारू.

ऊन लागलं की वाळूच्या कणाची पाटी कोरी होते.
अंधारात गाडला गेला की तो पुन्हा मोजायला लागतो.
म्हणून नमुन्याची नळी ठोकायची
ती उजेडाला कळू न देता.
काळं कापड गाडीत चढवायचं राहिलं होतं.
मी घरी फोन लावला.
दिवस कलताना नायना एम-एटीवरून आले,
चार चादरी दोरीनं बांधून,
माग विकला त्या आठवड्यातल्या,
मोराच्या, कुणीच न उचललेल्या.
"ऊन जायचं नाही यातून," म्हणाले.
"माझी वीण आहे."

आत मी, हातोडी, लाल दिवा,
आणि खळीचा वास,
साखरपेठेतल्या आमच्या पुढच्या खोलीचा.

सात महिन्यांनी कागद आला.
एकतीस हजार वर्षं,
अधिक-उणे दोन हजार चारशे.
सिद्धेश्वराच्या तळ्याचं वय
त्या अधिक-उण्यात दोनदा मावतं.
नायनांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
"अधिक-उणे म्हणजे?"
म्हटलं, तुमची जन्मतारीख. एक जून.
गुरुजींनी अख्ख्या वर्गाला वाटलेली.
"मग माझं दोनच," ते हसले,
"फार तर तीन."

अम्मानं सुपातून मान वर केली नाही.
"दिवसा पुरलं का रात्री?"

दिवसा, मी म्हणाले.
रात्री लोटलेली वाळू जुनाच हिशोब पुढे चालवते,
वय भलतंच येतं.
इथे सगळे कण जवळपास एकच आकडा सांगतात.
म्हणजे उन्हात,
घाई न करता,
ओंजळी-ओंजळीनं कुणीतरी.

तेंदूपानावर कात्री थांबली.
"आपल्याला रात्रीच जावं लागलं," अम्मा म्हणाली.
"तू पोटात होतीस. ह्यांची पाळी सुटेपर्यंत
बारा वाजले."
"कंदील होता की," नायना म्हणाले.
"मोठा. शेजारच्या यलय्याचा."

कंदिलानं पाटी पुसत नाही.
हे मला ठाऊक आहे, प्रयोगशाळेत शिकवतात.
मी कागदाची घडी घातली,
उघडली, परत घातली.

अम्मा विड्या मोजू लागली.
बाविसाला विसरली.
पुन्हा एकपासून.