हक्कसोड

जयदासचा फोन आला तेव्हा
मी कोलशेतला, सोसायटीच्या गेटवर
पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडत होते.
"ताई, आत्याच्या सहीची जागा
रिकामी राहिलीय कागदावर."
बावीस वर्षांनी मामाच्या घरून आलेलं
हे पहिलं वाक्य.
त्यात 'कशी आहेस' नव्हतं.
मला ते बरंच वाटलं.

आईचा मृत्यूचा दाखला, माझं आधार, दोन फोटो
प्लास्टिकच्या पिशवीत घालून बस धरली.
ऐरोली, घणसोली, वाशी,
मग पाम बीचचा तो सरळ, कंटाळवाणा रस्ता.
या रस्त्याने गेलो की आई काचेला बोट लावायची,
"हितं आमचं मिठागर होतं."
ते 'हितं' दर वेळी हलायचं.
एकदा पेट्रोलपंपापाशी,
एकदा कुणाच्या तरी बाराव्या मजल्याखाली.
मी हसायचे.
आज बोट लावायला काच होती,
जागा सांगता येईना.

करावे गावात रिक्षा आत शिरेना.
इमारती इतक्या खेटून की
एक बाई आपल्या गॅलरीतून
समोरच्या गॅलरीत कढीपत्ता देत होती.
बामीमामीने मला दोनदा पाहिलं, ओळखलं नाही.
मी पायरी चढले तेव्हा म्हणाली,
"चांगूची पोर गो ती. पाय बघ कशी फेकते."

भांडण साडेबारा टक्क्यांचं.
कुणी किती खाल्लं, कुणी कुठे सही केली,
ते मला कधीच नीट कळलं नाही.
आई एवढंच म्हणायची,
"जमीन नको मना. इचारायला पायजे होतं."
एक न विचारलेला प्रश्न
तिने शेवटपर्यंत सांभाळला,
दुसरी बाई डोरलं सांभाळते तसा.

वकिलाचा कारकून भराभर वाचत होता,
'स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, विनामोबदला.'
फायलीत मागे, आजोबांच्या वारसनोंदीवर
आईचा अंगठा होता. जांभळा. लहान.
माझा त्यावर ठेवून पाहावा असं मनात आलं
तोवर त्याने पान उलटलं.
"इथे. आणि इथे."

मग जेवण.
बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी.
पहिल्याच घासाला थांबले.
खारट.
आईच्या हाताचं होतं तसंच,
ज्यावरून बाबांनी जन्मभर ताट सरकवलं,
ज्यावरून मीही बोलले तिला,
बीपीचा डॉक्टर पुढे करून.
इथे सगळे खाली मान घालून जेवत होते.
कुणाला काही जास्त वाटत नव्हतं.
चूक नव्हती ती, आई.
मी आणखी वाढून घेतलं.

निघताना हसुराममामा आतून एक पिशवी घेऊन आला.
दुकानाचं नाव पुसट, आत पोपटी साडी,
पदराला किमतीची चिठ्ठी अजून टाचलेली.
आई गेली त्या दिवशी
माहेरचं लुगडं आलं नाही म्हणून
शेजारच्या कांबळेकाकूंनी आपली कोरी साडी दिली होती.
मी ते कुणालाच माफ केलं नव्हतं.
मामा उंबऱ्याकडे बघत म्हणाला,
"ऐरोलीच्या नाक्यापावत आयलू व्हतू गो.
रिक्षा उभी केली.
मंग परत फिरलू."
का, ते त्याने सांगितलं नाही.
या खेपेला मीही विचारलं नाही.

मामीने त्याच पिशवीत
सुक्या वाकट्यांचा कागद कोंबला.
"साडीला वास लागेल," जयदास म्हणाला.
"लागू दे," मामी म्हणाली.

बसमध्ये माझ्या शेजारचा माणूस
सानपाड्याच्या अलीकडेच उठून पुढे उभा राहिला.
ऐरोलीच्या नाक्यावर सिग्नल लाल होता.
मी पिशवीचं तोंड बांधलं नाही.