रा.

कोठीच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सवाल्याच्या छत्रीत अर्धा शिरून
एकोणतीस वर्षं मी एकच क्रियापद टाइप करतो आहे:
रिसायडिंग ॲट.
आधी नाव, मग वय, मग धंदा, मग हे,
आणि त्यापुढे जो तो सांगेल ते.

डाव्या हाताची तीन बोटं, उजव्याची दोन.
बोटांना त्याचा अर्थ कधी लागला नाही.
मोहिते वकील, हयात होते तेव्हा, म्हणायचे,
लॅटिनमध्ये ह्या शब्दाच्या पोटात बसणं आहे,
मागे टेकून निवांत बसणं.
माझ्या स्टुलाला पाठ नाही.

लिव्ह लिहिलं की जगण्याचं विचारतील.
स्टे म्हणाल, तर तो इथे आणतात, दुसऱ्याच्या भिंतीवर,
तीनशे रुपयांच्या अर्जानं.
म्हणून रिसायड. इस्त्रीचा शब्द.
घातला की माणूस जरा ताठ होतो.

दाहोदचा रमसू डामोर लिफ्टच्या मशीनखोलीत झोपतो.
काय लिहू रे?
"सातमो माळ लखो, साहेब."
इमारत सहा मजल्यांची आहे.
लिहिला सातवा.

पुराच्या साली एका गॅरेजच्या पत्र्यावर
मगर चढून बसली होती, दोन दिवस.
मी गमतीत टाइप केलं: मगर, वय अंदाजे,
धंदा काही नाही, प्रेझेंटली रिसायडिंग ॲट पत्रा.
झेरॉक्सवाल्यानं सात प्रती काढल्या
आणि पैसे माझ्याकडे मागितले.

आमच्या आजोबांच्या कागदांवर मात्र
नावापुढे नुसतं रा. बडोदे.
रा. म्हणजे राहणार.
इंग्रजी म्हणतं राहतो आहे, हा काय, समोर.
आपण म्हणतो राहणार,
जणू ट्रंका अजून स्टेशनावर आहेत
आणि टांगा ठरायचाय.
तीन पिढ्या झाल्या, आम्ही राहणारच आहोत.
मुलगा परवा पुण्याला गेला नोकरीला.
फॉर्मवर त्यानं आमचाच पत्ता घातला, कायमचा म्हणून,
आणि खालच्या रकान्यात, सध्याचा, एक रेघ.

मंगळवारी सुवर्णाबेन आल्या.
माहेरच्या घोरपडे, सासरच्या अजून तरी पारेख.
त्यांच्या कागदात हे क्रियापद भूतकाळात लागतं:
लास्ट रिसायडेड टुगेदर.
शेवटचे एकत्र कुठे राहिलात?
दावा कुठल्या कोर्टात, हे त्यावरून ठरतं.

वकिलानं पेन्सिलीनं लिहून दिलं होतंच, वडसर.
त्या म्हणाल्या, वडसरला नाही हो.
तिथे ते हॉलमध्ये, मी आत. चार वर्षं.
त्याआधी वारसियाला भाड्यानं होतो,
तिथेही शेवटी शेवटी नाही.
मागे रांग लागली होती.
एकानं घड्याळ पाहिलं, मग मला दाखवलं.

"हालोलहून येताना एकदा बस बंद पडलेली, जरोदपाशी.
रस्त्याच्या कडेला एका टेम्पोच्या उजेडात
शेंगा खात बसलो होतो आम्ही, दीड तास.
टरफलं ते माझ्या ओंजळीत टाकत होते.
मी टाकू देत होते.
हे शेवटचं."

दीड तासाला पिनकोड नसतो.
मी वडसर टाइप केलं, फ्लॅट नंबरासकट.

कागद त्यांनी उन्हात धरून वाचला,
बोट एका ओळीवर थोडं जास्त थांबलं.
बदलायचं का काही? मी विचारलं,
आणि विचारताना कळलं, बदलून काय घालणार.

"राहू द्या," म्हणाल्या.

सही त्यांनी डावीकडे केली, जिथे नोटरीचा शिक्का बसतो.
मी दुसरा कागद चढवला.
पुन्हा नाव, वय, धंदा.