झेलायचं नाही

मार्तंड पिसाळ आधी यंत्राकडे बघत नाही.
दारात उभा राहून आपल्या पाचही माणसांना म्हणतो,
बोटं दाखवा.
पन्नास. मोजतो,
शाळेतल्या मास्तरांनी सोमवारी नखं बघावीत तशी.
मग माझ्याकडे वळतो.
मी हात खिशात घालतो.
माझी साडेआठ आहेत.
उरलेल्या दीडाचा हिशोब
याच बँडसॉकडे आहे, शहाऐंशी सालापासून.

पोलोग्राउंडच्या मागच्या गल्लीतली ही शेड.
इथे आम्ही ओतकामाचे लाकडी पॅटर्न करायचो:
पंपांची पोटं, व्हॉल्व्हच्या माना,
सगळं सागात, आणि मापापेक्षा केसभर मोठं,
कारण लोखंड थंड होताना अंग चोरतं.
आता ते फोममध्ये कापून पुण्याहून येतं.

घेणारी देवासची, चेतना सोलंकी. खेळणी करते.
भाव केला नाही. एवढंच विचारलं,
काका, हे नीट चालत असताना आवाज कसा येतो?
मी तोंडाने काढून दाखवला.
तिने डोळे मिटून ऐकला.

आधी वीज.
इद्रिस फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवतो.
बोर्डावर नाही. खिशात.
मग पात्याचा ताण उतरवला,
हातमोज्यांनी तीन वेढे, सुतळी चार ठिकाणी.
हे सुटलं तर नातं बघत नाही, मार्तंड म्हणाला.
मला सांगतोय.
मग टेबल, दोघांनी. मग मोटर.
याचं सगळं वजन डोक्यात आहे, तो म्हणाला,
पाय नावापुरते.
तो यंत्राबद्दलच बोलत होता.

स्लिंग मानेतून, चाकांच्या दांड्यांतून नाही.
चेनपुली. एक इंच वर. थांब.
त्या एका इंचावर तो बिडीभर वेळ थांबतो,
बिडी न पेटवता, कान देऊन.
मग पाइप सरकवतात, काठीने,
आणि तो नियम सांगतो, रागावल्यासारखा:
कललं तर सोडायचं.
पडत असेल तर पडू द्यायचं.
झेलायला कुणी जायचं नाही.
लोखंड जोडता येतं, भिया.

दाराशी, नालीवरच्या पत्र्याजवळ
तिसरा पाइप तिरका गेला.
ते पडलं नाही. नुसती मान कलती केली त्याने,
जेवणानंतर दुकानात डुलकी लागलेल्या माणसासारखी.
आणि माझा डावा हात,
साडेतीन बोटांचा,
खिशातून निघून पुढे गेला,
ज्याने घेतलं त्यालाच सावरायला.

मार्तंडने दंड आडवा धरला माझ्या छातीवर,
रेल्वेच्या फाटकासारखा. बोलला काही नाही.
बाभळीची पाचर बसलेली होती.
ते पाचरीवर टेकलं, जरा विचार केला,
सरळ झालं.

ट्रकमध्ये चारी अंगांनी बांधलं.
पातं मी मांडीवर घेऊन बसू? चेतनाने विचारलं.
नाही बाई. पेटीत. मागे.

निघताना पुन्हा बोटं. पन्नास.
मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.
मी दोन्ही हात बाहेर काढले.
त्याने एकेक मोजलं, अर्ध्याशी थांबून.
साडेआठ, म्हणाला. बरोबर आहेत.

संध्याकाळी शेडच्या जमिनीतून
चार बोल्ट वर आलेले, बोटभर.
आजच कापून टाका, त्याने बजावलं होतं,
अंधारात कुणीतरी अडखळेल.
कुणीतरी म्हणजे आता मीच.
प्रत्येकावर वार्निशचा रिकामा डबा पालथा घातला,
आणि दिवा लावायला गेलो.
खटका दोनदा वरखाली केला.

फ्यूज इद्रिसच्या खिशात.
एव्हाना मांगलिया ओलांडलं असेल त्यांनी.