मिठागर[०]

आगरवाड्याच्या शाळेत संगणक अकरा,
त्यातले चालू सात.
दुपारी वीज असली तर
नववी ‘ब’ला मी ॲरे शिकवतो.

ॲरे म्हणजे, मी सांगतो, एकाच नावाखालची ओळ.
पदेराच्या पाटलीतले पाव समजा,
प्रत्येकाला क्रमांक,
आणि क्रमांक शून्यापासून.

इथे दरवर्षी वर्ग अडतो.
पहिल्याला शून्य का म्हणायचं, सर?
माझं उत्तर ठरलेलं: भाषेचा नियम.
फोंड्याहून बदली होऊन आल्यापासून
तेच देतो, आणि फळा पुसतो.

यंदा सुलक्षा बागली उठली.
खिडकीतून बोट दाखवलं तिने
शापोऱ्याच्या काठाने पसरलेल्या चौकोनांकडे.
‘मानशीतून भरतीचं पाणी शिरतं ना,
ते पहिल्या कोंडीत नुसतं निवळतं, सर.
गाळ खाली बसतो. मीठ पिकत नाही.
आजोबा तिला मोजतच नाहीत.
पण ती नसली तर पुढे काहीच नाही.’

मग कोणी विचारलं नाही.
फळा मी तसाच ठेवला.

गृहपाठ: आपापली यादी करून आणा.
कोणी फुटबॉलचे गोल आणले, कोणी रिचार्जचे पैसे.
हिने आगर आणलं.
पंधरा कोंड्या, पंधरा आकडे,
गेल्या मोसमातलं मीठ, पाट्यांच्या हिशेबात:
०, १९, २२, १७, २४, ०, ०, ०, २०…

मधली तीन शून्यं मला खटकली.
म्हणाली, बांध खेकड्यांनी पोखरला,
पावसात फुटला,
बांधायला माणसं मिळाली नाहीत.

मी पडलो मास्तर. म्हटलं, काढून टाक,
एका ओळीचं काम.
मागचे आपोआप पुढे सरकतात,
सरासरीसुद्धा सुधारते.

तिने कीबोर्डवरून हात उचलले.
‘ना सर. सरकत नाहीत.
आठवी आठवीच्याच जागी आहे.
पाचवी, सहावी, सातवी
रिकाम्या आहेत, गेलेल्या नाहीत.
बाबा अजून त्यांच्याच बांधावरून
वळसा घालून आठवीत उतरतात,
फळी खांद्यावर घेऊन.’

मी गप्प. पंखा फिरत होता.

मग तिने बेरीज लावली,
आणि मोजण्यात एक चुकली,
यादीकडे पंधरा क्रमांकाची कोंड मागितली.
पडद्यावर लाल अक्षरं:
हद्दीच्या बाहेर.

सुलक्षा हसली.
तिथे गेल्या वर्षीपासून
रिसॉर्टची भिंत आहे.
‘याला कसं कळलं, सर?’

घंटा झाली. मुलं गेली.
बटणं बंद करताना
संगणक मोजले मी, शून्य ते दहा,
बिघडलेल्या चारांसकट.