एकोणतीस किलो

हॉटेलचा करार संपला आणि रोडेल सेबूला निघाला,
तेव्हा त्याने हा अँप्लिफायर मला विकला. साठ दिनार.
वायर फुकट, आणि एक ताकीद:
आधी दोन मिनिटं तापू दे, मग बोलू दे.

सुमेधाने साठ दिनारांचे मनातल्या मनात रुपये केले.
ते तोंडावर दिसले.

मी लिफ्टचा मेकॅनिक.
गुदैबियातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट मात्र दुसऱ्या कंपनीकडे,
आणि रमजानच्या आधीपासून बंद.
चार मजले. एकोणतीस किलो. एक चाक नाही.
तिसऱ्या मजल्यावर कुंजुमोन भेटला, म्हणाला, फ्रिज?
म्हटलं, तसंच काहीतरी.

शंभर वॉट, आणि खोली दहा बाय अकरा.
आवाजाच्या बटणावर दहापर्यंत आकडे आहेत,
नकाशावर देश असतात तसे.
मी शून्य आणि एकच्या मधल्या गल्लीत राहतो.
एकला वरच्या मजल्यावरचं बाळ उठतं,
दीडला बाळाचा बाप,
दोनला खालचा नातूर जिना चढून येतो, दमलेला,
आणि मलाच त्याला पाणी द्यावं लागतं.
तीन अजून कुणी पाहिलेला नाही.

उपयोग विचाराल तर आहे.
त्याच्यावर इस्त्री होते.
जानेवारीत मागच्या जाळीपाशी ओले मोजे वाळतात.
विमानात तीस किलो चालतात, म्हणजे कायमचं परतताना
हा, आणि एक किलो बाकीचं आयुष्य.

साबणाच्या डबीएवढा मिळतो ना, हेडफोनवाला?
सुमेधा विचारते.
मिळतो. इथे सगळं मिळतं.
पण मोठ्या पातेल्यात वाटीभर भात लावला
तरी भाताला कळतं, आपण कशात शिजतोय.
हे मी तिला सांगितलं.
तिने पातेलं कोण घासतं ते सांगितलं.

मग सीफला एकतीस मजल्यांचं टॉवर आलं,
काचांवर अजून निळ्या चिकटपट्ट्या, आत माणूस नाही.
भारचाचणी माझ्याकडे.
पंचवीस किलोची पन्नास वजनं लिफ्टमध्ये भरायची,
मी एकोणपन्नास भरली. पन्नासावा हा.
चार किलो जास्त झाले, ते नोंदवहीत लिहिले नाहीत.
शेजारच्या लिफ्टने मी वर गेलो, गिटार पाठीला.

दोन मिनिटं तापू दिला.
आतले दिवे नारिंगी झाले, धूळ जळल्याचा वास आला.
समुद्र खाली होता, पत्र्यासारखा.
बटण फिरवताना तीन गेला, चार गेला,
सातला माझाच हात थांबला.
सगळ्यात जाड तार. एकदाच.

वारा नव्हता, तरी पँट पायांवर हलली.
चिकटपट्ट्या थरथरल्या,
छतातून सिमेंटची पूड माझ्या केसांत पडली,
आणि तो आवाज लिफ्टच्या उघड्या विहिरीत उतरला,
एकेका मजल्यावर डोकावत,
कुणी नाही, कुणी नाही, कुणी नाही,
तळाला जाऊन परत आला तो जरा उशिराच,
गावी फोन लावल्यावर कधीकधी
आपलाच शब्द मागाहून ऐकू येतो तसा.

वॉकीटॉकीवर दिलबहादूर: साब, कुछ गिरा क्या?
नहीं, म्हटलं. टेस्टिंग चल रही है.
हे खरंच होतं.

संध्याकाळी पुन्हा चार मजले.
कुंजुमोनने या वेळी काही विचारलं नाही, एक बाजू धरली.
घरात सुमेधा इस्त्रीचे कपडे घेऊन उभी,
हा जागेवर कधी येतो याची वाट बघत.
मी तिला टॉवरचं सांगू लागलो,
विहिरीचं, पट्ट्यांचं, पडलेल्या पुडीचं,
आणि तिने छताकडे बोट दाखवून
ओठांवर बोट ठेवलं.
वर बाळ रडत होतं.
ओरडतोयस कशाला, म्हणाली,
मी इथेच तर आहे.