विकलेला माल

कुताइसीच्या बाजारात, चीजवाल्या बायकांच्या मागे
माझं दुकान. रुंदी दोन हात. माल कुठून आला विचारू नये.
मेलेल्या कॉम्प्युटरांची आतडी मी निवडून ठेवतो:
पंखे एका खोक्यात, मेमरी बिस्किटांच्या डब्यात,
साउंड कार्डं दोरीला, वाळत घातल्यासारखी.

त्सियाला आली ती हाताला पीठ तसंच घेऊन.
चाळीस लारी आहेत, म्हणाली, गाणं रेकॉर्ड करायचंय.
मी सोनेरी भोकांचं काढलं, सत्तरवालं.
पाच स्पीकर लावा, ताई, घरात सिनेमा!
सिनेमा नको, म्हणाली.
बाहेर फेकणारं नको मला.
आत घेणारं हवंय.

अठरा वर्षं धंदा करतोय.
आत काय घेतं, कसं घेतं,
कुणी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं.

आम्ही तिघी, ती सांगू लागली (मी विचारलेलं नसताना).
वरचा सूर एतेरीचा. ती बारीला असते, इटलीत,
कुणा म्हाताऱ्याला आंघोळ घालते.
मधला माझा.
खर्ज माक्वालाचा,
आणि इथे तिने टोपलीतले पाव उगीच सरळ केले.

शेवटी एक जुनं कार्ड, खोकं नाही, सीडी नाही,
कडेला गंज, माइकचं भोक मात्र शाबूत.
बत्तीस सांगितले. हातचं राखूनच सांगतो मी.
अठ्ठावीसला गेलं.
वर पाटी आहे, माझ्याच अक्षरात:
विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

गुरुवारी ती हजर. कार्ड रुमालात.
मी पाटीकडे पाहिलं. तिनेही पाहिलं.
उशीर होतो, म्हणाली.
कशाला?
मी गाते, आणि कानात मीच मागून येते.
किती मागून?
तिने काउंटरवर दोन बोटं वाजवली,
टक, टक.
एवढं.
बारीचा फोनही असाच चालतो, म्हणाली,
ती हसून गप्प झालेली असते, तेव्हा इथे हसू पोचतं.

रात्री मी ड्रायव्हर घेऊन तिच्या घरी गेलो.
का गेलो, बायकोला नीट सांगता आलं नाही.
कपाटाला गोधड्या टांगलेल्या,
माइक झाडूच्या दांड्याला बांधलेला, तोंडावर पायमोजा.
उशीर कमी केला की आवाज तडतडायचा
गरम तव्यावर पाणी पडल्यासारखा,
वाढवला की रेंगाळायचा.
अकरा वाजेपर्यंत आम्ही दोघं
एका आकड्याशी घासाघीस करत बसलो.
बारा मिलिसेकंदांवर सौदा तुटला.
मग तिने फ्रिजची पिन काढली,
लोण्याची माफी मागितली,
आणि गायली.

मधला सूर एकटा ऐकलाय कधी?
जिना आहे,
खाली घर नाही, वर गच्ची नाही,
आणि कुणीतरी शांतपणे चढतंय.

तिने माझ्याकडे पाहिलं.
खर्ज सोपा असतो, म्हणाली, धरून बसायचं नुसतं.
मी म्हणालो, भाव सांगून सांगून घसा गेलाय माझा.
तिने आग्रह केला नाही.
पण तिसरा ट्रॅक चालू ठेवला, तसाच, रिकामा,
गाणं संपेपर्यंत.
मी वायरी गुंडाळायचं सोडून
हात मांडीवर ठेवून बसलो.

काल पाव घेऊन आली. पैसे घेईना.
फाइल बारीला पोचली म्हणे.
तिसऱ्या ट्रॅकवर खरखर आहे, बाहेरचं कुत्रं आहे,
आणि दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी
माझा खोकला.
पुसता येतो तो, मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम.
ती म्हणाली, राहू दे.
एतेरीने विचारलंय,
खाली कोण आहे?